देणाऱ्याचा हेतू

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी
पहाटे पाचलाच रांग लागते पॅरिशच्या कचेरीबाहेर.
ओरावात तेव्हा बर्फ गुडघ्यापर्यंत आलेला असतो,
तरी कुणी घरी थांबत नाही.
पुढच्या वर्षाच्या मिस्सांची वही उघडणार असते
आणि रविवार असतात फक्त बावन्न.

मी आत स्टोव्ह पेटवते,
पेन काखेत धरून ऊब देते,
नाहीतर पहिलंच नाव गोठतं.

लोक याद्या आणतात बियाण्यांच्या पावतीमागे,
औषधाच्या खोक्यावर,
एकाने तर तळहातावर लिहून आणली होती
आणि रांगेत घामाने त्याची सासू पुसली गेली.
"मिलोस्लावला ऑगस्टातली द्या. ट्रॅक्टरखाली गेला तीच."
ती तारीख क्रेशेंत्सियाने घेतली आहे.
दोघी एकमेकींकडे बघतात.
एका मिस्सेत एकच हेतू, हा नियम मी केलेला नाही.

पाच युरो. सक्ती नाही.
फादर व्हेंडेलिन दरवर्षी बजावतात,
कृपा विकत मिळत नाही, बाबांनो,
हे मेणबत्तीला, भाकरीला, माझ्या वाटीभर सुपाला.
लोक माना डोलावतात
आणि नोट टेबलावर हाताने इस्त्री केल्यासारखी सपाट करतात.
ओटिलिया म्हातारी अंडी आणते.
दहा अंड्यांची एक मिस्सा, नवऱ्यासाठी.
अकरावं तुला, म्हणते, आणि डोळा मारते.

गाश्पार नेहमी रांगेत शेवटी.
सॉमिलमध्ये तीन बोटं ठेवून आलेला माणूस,
उरलेल्या दोघांत नोट धरायचा.
तारीख एकच, चौदा मार्च.
कुणासाठी?
"लिहा, देणाऱ्याचा हेतू."

एकोणीस वर्षं लिहिलं.
या गावाचं दुःख मला तारीखवार पाठ आहे,
कोण तिसऱ्या वर्षी बापाला विसरतो,
कोण "एक परिचित, कैलासवासी" म्हणत
कुणाचं नाव गिळतो.
एवढं चौदा मार्चचं दार मात्र आतून बंद.
त्या दिवशी तो शेवटच्या बाकावर बसायचा,
टोपी मांडीवर. कम्युनियनला कधी उठला नाही.
एकदा मी विचारलंच.
"त्याला ठाऊक आहे," वर बोट करून म्हणाला,
"तुम्हाला तारीख लागते ना? दिली."

ऑक्टोबरात गेला. मागे कुणी नाही.

या सोमवारी रांग संपली तरी मी दार ओढलं नाही.
कशासाठी थांबले होते कुणास ठाऊक.
चौदा मार्च तर सकाळीच गेला,
कुणाच्या तरी लग्नाच्या पन्नाशीला, आभाराची मिस्सा.

वहीत न मावलेले हेतू पाकिटातून जातात,
बिशप हाऊसमधून पुढे मलावीला.
तिथले एक फादर आमच्या मिस्सा म्हणतात,
आमच्या पाच युरोंत त्यांचा आठवडा निघतो.
त्यांनी एकदा लिहिलं होतं,
तुमच्या माणसांची नावं मला नीट उच्चारता येत नाहीत,
माफी असावी. मी सावकाश वाचतो.

मी पर्समधली नोट काढली.
आधी लिहिलं, गाश्पारच्या आत्म्यासाठी.
बघत बसले.
मग वाटलं, त्याने स्वतःसाठी कधी काही मागितलंच नव्हतं,
किंवा तेवढंच मागत होता.
खोडलं.
देणाऱ्याचा हेतू.
देणारी मी, आणि हेतू मलाच माहीत नाही.

पाकीट चाटून चिकटवलं. डिंकाची चव
दुपारपर्यंत जिभेवर होती.
एवढं बरं, की हे वाचताना
तिकडे त्यांना अडखळावं लागणार नाही.

स्टोव्ह विझवला. अकरावं अंडं
हातमोज्यात घालून घरी आणलं.
एक हात उघडा राहिला, वाटभर.